नवव्या फर्म्यानंतर

मित्रांनो, मी एक जुनी हाडाची पट्टी आहे. दचकू नका, माणसाचे हाड नव्हे. एका बैलाच्या पायाच्या नळीतून मला काढले, उकळले, घासले आणि दोन्ही टोके गोल करून वीतभर लांबीची गुळगुळीत पट्टी बनवली. त्या बैलाने जन्मभर काय ओढले ते मला ठाऊक नाही, पण त्याचे नशीब मात्र मी घेऊन आले. चाळीस वर्षे मी पुढे-मागे, पुढे-मागे फिरत राहिले. आता माझ्या एका टोकाचा टवका उडाला आहे, मधोमध चीर गेली आहे, आणि खरे सांगायचे तर मला बोलायचाही कंटाळा येतो. तरी ही एक गोष्ट सांगून टाकते.

माझे काम पुस्तकबांधणीच्या कारखान्यात. छापखान्यातून मोठमोठे कागद येतात. एकेक कागद तीनदा दुमडायचा आणि दर घडीवर मला दाबून फिरवायचे, म्हणजे सोळा पानांचा एक जुडगा तयार होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे दहा-पंधरा फर्मे ओळीने लावून शिवले की झाले पुस्तक. लांब टेबलाभोवती बारा बाया बसून घड्या घालीत. त्या मला ‘हाडूक’ म्हणत. सुरुवातीला राग येई, मग सवय झाली.

जिच्या हातात मी आयुष्य काढले तिला मी ‘माझी बाई’ म्हणते. तिचा नवरा लवकर गेला होता, पदरात एक मुलगा. तिच्या हाताला अशी सफाई होती की मुकादम नव्या बायांना तिच्या शेजारी बसवून सांगे, “हिच्या हाताकडे बघा, तोंडाकडे नको.” कारण माझी बाई भारी फटकळ. कौतुक तिचे होई, पण त्यातला निम्मा वाटा मी मनातल्या मनात उचलत असे. सुट्टी झाली की ती मला एप्रनच्या खिशात टाकून घरी नेई. कारखान्यात ठेवले तर दुसरी कुणी वापरील आणि आपली घडी बिघडेल, अशी तिची समजूत. म्हणून मला कारखानाही दिसला आणि घरही.

छपाईत काही कागद बिघडतात. शाई फिकी लागते, ओळी तिरप्या येतात. असे कागद बायांनी घरी न्यावेत, अशी आमच्याकडे रीत होती. कुणी त्यांत भाजी गुंडाळी, कुणी कपाटात अंथरी. माझी बाई त्यांच्या नीट घड्या घालून मुलापुढे ठेवी. कारखान्यातल्या बाया त्या मुलाला ‘वाळवी’ म्हणत, कारण कागद दिसला की त्याने फडशा पाडलाच. त्या घरात विकत घेतलेले एकही पुस्तक नव्हते, पण वाळवीने शेकड्याने पुस्तके वाचली होती, बहुतेक सगळी तिरपी.

युद्धाच्या कादंबऱ्या त्याच्या विशेष आवडीच्या. माझ्याखालून अशा पुष्कळ गेल्या. त्यांतले सैनिक सगळे उंच. गोळी लागते ती नेहमी छातीत, आणि लागल्यावरही त्यांना अर्धे पान बोलायला वेळ मिळतो. कुणाला जुलाब होत नाहीत, कुणाचे मोजे ओले नसतात. हाड कसे मोडते ते मला तरी कळते, ते असे मोडत नाही. पण वाळवीला कोण सांगणार? तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी एक वेगळी कादंबरी आली. लिहिणारा स्वतः म्हातारा सैनिक होता, काठी टेकत चाले. बाया त्याला ‘काठीवाले’ म्हणत. तो अधूनमधून कारखान्यात येई, आपल्या कागदांकडे चोरासारखा बघे आणि न बोलता निघून जाई. त्याचे पुस्तक चौदा फर्म्यांचे होते. छापखाना लहान, त्यामुळे आठवड्याला एक फर्मा छापून आमच्याकडे येई आणि त्यातला एक बिघडलेला कागद माझ्या बाईबरोबर घरी जाई.

वाळवी तो मोठ्याने वाची आणि बाई भांडी घासता घासता ऐके. एकोणीस वर्षांच्या एका पोराची गोष्ट होती. तो भरती होतो, नवे बूट मिळतात, बूट सगळ्यांनाच चावतात आणि त्यावरून हसून हसून पोटे दुखतात. आगगाडीच्या डब्यात पोरे गातात. एक मित्र माउथ ऑर्गन वाजवतो. एक तिरसट हवालदार आहे, तो दिवसभर शिव्या देतो आणि थंडीत आपले ब्लँकेट दुसऱ्याला देऊन टाकतो. सारे इतके खरे वाटे की बाईचाही हात थांबे.

“हा हवालदार तुमच्या मुकादमासारखा आहे गं,” वाळवी म्हणे.

“मुकादम ब्लँकेट द्यायचा? थंडीत आपलंच मागून घेईल,” बाई म्हणे, आणि दोघे हसत.

नववा फर्मा मधेच तुटला. फर्म्याला वाक्याची पर्वा नसते. सोळावे पान भरले की तो संपला. त्याची शेवटची ओळ होती, ‘आम्ही पूल ओलांडला तेव्हा उजाडत होते आणि’. बस्स, एवढेच.

“आणि काय?” वाळवी ओरडला.

“पुढच्या आठवड्यात कळेल. जेवून घे.”

पुढच्या आठवड्यात काही कळले नाही. सीमेवर युद्ध पेटले होते आणि छापखान्याला सैन्याचे तातडीचे काम आले. भरतीची पत्रके. वर एक उंच सैनिक, खाली दोन ओळी. कादंबरी बाजूला पडली. चार महिने आम्ही फक्त पत्रके दुमडली, दिवसाला हजारो. मित्रांनो, सांगायला लाज वाटते, पण त्या घड्याही मीच घातल्या.

वाळवी रोज विचारी, “दहावा आला?” बाई रोज मान हलवी. मग एका संध्याकाळी तो उशिरा घरी आला. त्याच्या खिशातून एक पत्रक डोकावत होते. घडी माझीच होती, मी ती कुठेही ओळखीन.

“नाव दिलं मी,” तो म्हणाला.

बाईने हातातले ताट खाली ठेवले. “कुणाला विचारून?”

“विचारलं असतं तर देऊ दिलं असतंस?”

“तंगडी मोडून घरात बसवलं असतं.”

“म्हणूनच नाही विचारलं.” तो हसला आणि तिच्या गळ्यात हात टाकून म्हणाला, “छापखाना काही पुढचं देत नाही. म्हटलं, आपणच जाऊन बघून यावं.”

चेष्टाच होती ती. पण ते वाक्य बाईच्या काळजात रुतून बसले. तो गेला त्या सकाळी ती स्टेशनवर गेली नाही, सरळ कामावर आली. त्या दिवशी तिने मला इतके जोराने दाबले की माझ्या टोकाचा टवका उडाला. माझी काही तक्रार नाही.

पाचव्या महिन्यात दहावा फर्मा आला. मग भराभर अकरावा, बारावा, तेरावा, चौदावाही. बाईला वाचता येई, पण सावकाश, ओळीखाली बोट ठेवून. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बसून वाचू लागली.

पुलापलीकडे काही नव्हते, जळालेली घरे आणि एक विहीर. तिथे थांबा, असा हुकूम होता, आणि पुढचा हुकूम सहा दिवस आलाच नाही. मग एक टेकडी घ्यायला सांगितले. ती घेताना हवालदार गेला, आणि दुसऱ्या दिवशी कळले की नकाशात चूक होती, हवी होती ती टेकडी वेगळीच. माउथ ऑर्गनवाला मित्र जुलाबाने मेला. मरताना त्याने भाषण केले नाही, पाणी मागितले. अक्षर चांगले म्हणून त्या पोराला कचेरीत बसवले. तिथे एक ठरलेला मजकूर होता, ‘आपला मुलगा वीरासारखा लढता लढता गेला’, आणि नावापुरती जागा मोकळी. त्याने एका दिवसात चाळीस पत्रे लिहिली. मित्राच्या घरीही तेच पत्र गेले. शेवटी तो परत येतो. स्टेशनवर बँड उभा असतो, आणि तो वाजवणारे दमेपर्यंत गाडीच्या संडासात कडी लावून बसतो. तिथे पुस्तक संपते.

बाईने चौदावा फर्मा मिटला. दुसऱ्या दिवशी काठीवाले आले तेव्हा ती टेबलावरून उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. साऱ्या बायांनी हात थांबवले.

“तुमच्या नऊ फर्म्यांनी माझं पोर नेलं,” ती म्हणाली.

त्यांना काही कळेना. मुकादमाने सगळे सांगितले, बिघडलेल्या कागदांपासून भरतीपर्यंत. काठीवाले स्टुलावर बसले.

“त्या नऊ फर्म्यांत खोटं काही नाही, बाई,” ते म्हणाले. “आम्ही गातच गेलो होतो. ते तसं लिहिलं नाही, तर आम्ही का गेलो हेच कुणाला कळणार नाही. वाचणाऱ्यालाही आधी आमच्याबरोबर गायला लावावं लागतं. मगच गाणं थांबलेलं त्याला ऐकू येतं.”

“गाणं थांबायच्या आधी तुमची छपाई थांबली,” बाई म्हणाली.

मलाही त्यांचा राग आला होता, पण त्यांचा चेहरा बघून तो टिकला नाही.

त्याच आठवड्यात वाळवीचे पत्र आले. तो आता आघाडीवर होता. ‘मी मजेत आहे. जेवण चांगलं आहे. तंबूत आम्ही नऊ जण आहोत. मी सोबत आणलेले नऊही फर्मे सगळ्यांनी वाचून काढले आणि आता सगळे माझ्या मागे लागलेत, आणि काय, आणि काय? पुढचे आले असतील तर लगेच पाठव.’

बाईने ते पत्र तीन दिवस खिशात ठेवले, माझ्याच शेजारी. मग ती काठीवाल्यांच्या घरी गेली. एक खोली, एक खाट, खिडकीत वाळत घातलेले मोजे. तिने पत्र त्यांच्या हातात दिले.

“जायचं की नाही हे ठरवायचं होतं तेव्हा माझ्याकडे ही पानं नव्हती,” ती म्हणाली. “आता पानं आहेत, पण त्याला परत फिरता येत नाही. आता हे वाचून तो काय करणार? नुसता भिणार. आणि भ्यालेलं पोर तिथे टिकेल का?”

“मग पाठवू नका.”

“तो वाट बघतोय. त्याला काय सांगू?” ती म्हणाली. “तुम्ही दुसरं लिहून द्या. हवालदार वाचतो, तो मित्र बरा होतो, सगळे घरी येतात, असं.”

“ते मला जमणार नाही.”

“मी हात पसरत नाही कुणापुढे. आज पसरतेय.”

काठीवाले उठले, खिडकीतले मोजे उगाचच उलटे-सुलटे केले आणि पाठमोरेच म्हणाले, “किती पानं?”

“सोळा. एक फर्मा.”

त्यांनी चार दिवसांत ते लिहिले. छापखान्यातल्या खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, जुळवणाऱ्या म्हाताऱ्याने जेवणाच्या सुट्टीत थोडे थोडे करून ते जुळवले आणि एकच प्रत काढली. बाईने माझ्याकडून तिची इतकी सुबक घडी घातली की तशी मी पुन्हा कधी घातली नाही. तो खोटा दहावा फर्मा मोज्यांच्या जोडांबरोबर आघाडीवर गेला.

पाच आठवड्यांनी उत्तर आले. बाईने ते टेबलाशी बसूनच वाचले, आणि ती ओठ हलवून वाचत असल्यामुळे शेजारणींनाही ऐकू आले.

‘आई, फर्मा मिळाला. आम्ही तो मोठ्याने वाचायला घेतला आणि चौथ्या पानाला सगळे गप्प झाले. हे त्या माणसाचं लिहिणं नाही. किंवा असेल त्याचंच, पण तुझ्या तोंडाकडे बघून लिहिलेलं. यात पाऊस पडतो पण कुणाच्या पायांना ओल लागत नाही. तू रागावू नकोस, तुझं मन मला कळतं. पण खरे फर्मे तुझ्याजवळ आहेत, ते पाठव. इथे आम्ही एकमेकांशीही खरं बोलत नाही. त्यात लिहिलेलं असेल तर निदान वाचता येईल.’

बाईने पत्र खिशात टाकले आणि घड्या घालू लागली. मला वाटले, ती पाठवणार नाही. मी तिच्या जागी असते तर पाठवले नसते. पण संध्याकाळी तिने दहा ते चौदा फर्म्यांचे बिघडलेले कागद काढले. जाडजूड पुडके दिसले तर वरचे अधिकारी उघडून बघतात, असे तिने ऐकले होते. म्हणून तिने कागद दुमडलेच नाहीत, त्यांत बिस्किटे, साबण, मोजे असे वेगवेगळे गुंडाळले. घडी कशी घालायची ते वाळवीला लहानपणापासून ठाऊक होते. सोबतच्या चिठ्ठीत तिने नेहमीसारखेच लिहिले, ‘शूर राहा, घराचं नाव काढ.’ सगळ्या आयांची पत्रे अशीच संपतात. दुसरे काय लिहायचे ते तिला सुचत नव्हते.

मग काहीच आले नाही. एक महिना, दोन, तीन. बाई कामावर येई, घड्या घाली, घरी जाई. पोस्टमन कारखान्याच्या दारात दिसला की माझ्यावरची तिची पकड घट्ट होई आणि तो पुढे गेला की सैल पडे. तिच्या बोटांतून मला सगळे कळत असे. ते दिवस मला आठवायलाही नको वाटतात.

चौथ्या महिन्यात एक तरुण सैनिक दारात येऊन उभा राहिला. त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. त्याने विचारले, “वाळवीची आई इथंच काम करते का?”

बाई मला मुठीत घट्ट धरूनच उठली.

“तो बरा आहे, मावशी,” सैनिक घाईने म्हणाला. “मी निघालो तेव्हा तर धडधाकट होता. मी त्याच्याच तंबूतला. हे तुम्हाला द्यायला सांगितलंय.”

शर्टाच्या आतून त्याने एक पुडके काढले. दहा ते चौदा, पाचही फर्मे. चमच्याच्या दांड्याने घातलेल्या घड्या त्या, साऱ्या वाकड्या. एरवी मी नाक मुरडले असते. पण बाईने पाने उघडली आणि दिसले, छापलेल्या ओळींच्या चारी बाजूंच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने लिहिलेले होते, वेगवेगळ्या अक्षरांत.

विहिरीपाशी वाट बघण्याच्या पानावर कुणी लिहिले होते, ‘आम्ही अकरा दिवस.’ टेकडीच्या पानावर, ‘आमच्या टेकडीला तर नावही नव्हतं.’ माउथ ऑर्गनवाला पाणी मागतो तिथे नुसती एक रेघ मारलेली होती, कागद फाटेल इतकी दाबून. चाळीस पत्रांच्या पानावर बारीक अक्षरात होते, ‘माझ्या भावाचं पत्र शब्दन् शब्द असंच आलं होतं. आईने ते चौकटीत लावलंय. तिला सांगणार नाही.’ आणि संडासातल्या प्रसंगापाशी गिचमिड अक्षरात, ‘मी पण हेच करणार.’

“हे माझं,” सैनिक त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, आणि कसनुसा हसला. “पण मी उतरलो तेव्हा बँड नव्हताच. लपायचीसुद्धा सोय नाही.”

वाळवीचे अक्षर कुठेच दिसेना. बाई पाने उलटत गेली. चौदाव्या फर्म्याचे शेवटचे पान अर्धे कोरे होते, तिथे ते सापडले.

‘आई, मला भीती वाटते. रोज वाटते. पत्रात लिहिता येत नव्हतं, कारण त्या पहिल्या नऊ फर्म्यांत कुणीच घाबरत नाही. मला वाटलं, घाबरणारा मी एकटाच. हे वाचल्यावर रात्री तंबूत एकेकाने सांगितलं. नऊच्या नऊ जण घाबरलेले निघाले. आता जरा झोप लागते.’

बाई रडली. सगळ्यांदेखत, मोकळेपणी, आणि मुकादमासकट कुणीही तिला गप्प केले नाही. मग तिने डोळे पुसले, भरतीचे एक उरलेले पत्रक ओढून उलटे केले आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. शूर राहा, असे ती या वेळी लिहिणार नव्हती. तिने लिहिले, ‘घाबर. घाबरत घाबरत का होईना, पण घरी ये.’ एवढेच. सैनिकाने ते आपल्या परत जाणाऱ्या सोबत्याकडे दिले.

संध्याकाळी तिने ती पाने काठीवाल्यांना नेऊन दाखवली. त्यांनी दोनदा वाचली. पुस्तक लिहिताना आपल्याला कुणी ऐकेल असे वाटले नव्हते, असे काहीतरी पुटपुटत त्यांनी पाने परत दिली. त्यांच्या पुस्तकाचे पुढे फार कौतुक झाले म्हणे. पण तेव्हा ते हयात नव्हते.

वाळवी दीड वर्षाने परत आला. तंबूतल्या नऊ जणांपैकी पाच आले. सकाळची वेळ होती, बाई कामावर निघत होती आणि मी तिच्या खिशात होते. तो दारात उभा राहिला, वाळलेला, डोळे खोल गेलेले. त्याच्यामागे गल्लीतले दहा-बाराजण टाळ्या वाजवत आले होते.

“घाबरतच आलो गं,” तो म्हणाला.

“आलास ना,” बाई म्हणाली. तिने त्याला आत ओढले आणि टाळ्या वाजवणाऱ्यांच्या तोंडावर दार लावून घेतले.

पुढे कारखान्यात घड्या घालणारे यंत्र आले. बारा बायांचे टेबल मोडले, आणि मी एका खणात सुतळीच्या तुकड्यांबरोबर पडून राहिले. त्याचे दुःख होते, आता नाही. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. माझे काम झाले, मी दमले आहे.

पण मित्रांनो, तुमच्या घरातला, तुमच्या शेजारचा एखादा मोठा मुलगा अर्धे पुस्तक वाचून हसत हसत निघाला असेल, तर उरलेले अर्धे त्याच्या हाती द्या, निघायच्या आधी द्या. आणि तो परत आला, तर किती जणांना मारलेस, असे विचारू नका. भीती वाटली का, एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा. उत्तर यायला फार वेळ लागतो. पत्रात लिहून मोकळा झालेल्या आमच्या वाळवीलाही सगळे तोंडाने सांगायला सहा वर्षे लागली, आणि माझी बाई सहा वर्षे रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसली.